राणी बाजूला ठेवून

गणपतीच्या जागरणाला पत्ते कुटत बसलेल्या मंडळींसमोर मनातलं पान ओळखून दाखवायचं, ही मेंटलिस्टची खरी परीक्षा. भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीसारख्या गावात ती जरा जास्तच कडक. दिवसभर गोदामात खोके मोजणारी माणसं रात्री मेंढीकोटात पडलेली पानं मोजत असतात. हुकूम कोणाकडे उरलाय, कुठली मेंढी अजून खाली यायचीय, सगळं डोक्यात. अशा माणसाला ‘एक पान काढा’ म्हटलं की तो आधी अख्खा कॅट मागून घेतो, कडा चाचपतो, दोनदा पिसतो आणि मगच पान काढतो. पंचतारांकित हॉटेलातल्या कंपनीच्या समारंभात टाळ्या घेणारे निम्मे प्रयोग इथे पहिल्याच पिसण्यात संपतील.

आपल्याकडचं मेंटलिझम आज अशाच हॉटेलातल्या प्रयोगांवर बेतलेलं आहे. गेल्या काही वर्षांत मंचावर मनं ओळखणाऱ्यांची संख्या वाढली, हातचलाखीही सफाईदार झाली. पण प्रयोग बघावा तर संवाद हिंदी-इंग्रजीत, मागे मोठा पडदा, हातात बाहेरून मागवलेलं पाकीट किंवा वही, आणि मानसशास्त्राच्या नावाखाली देहबोलीवर पाच मिनिटांचं प्रवचन. मराठीत प्रयोग करणारे आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच जणांचं बोलणं परदेशी व्हिडिओतून उचललेलं असतं आणि ते ऐकताना कळतंही. जादूची मराठी पुस्तकं पाहिली तर त्यांत साहित्य आणि कृती दिलेली असते, स्वयंपाकाच्या पुस्तकासारखी. त्या वेळी तोंडाने काय बोलायचं, याला बहुधा चार ओळीसुद्धा मिळत नाहीत. मेंटलिझममध्ये तर बोलणं हाच प्रयोग. हात रिकामे असतात, दिसायला काही नसतं. प्रेक्षक घरी घेऊन जातो ते फक्त ऐकलेलं.

ही विद्या आपल्याला परकी होती असंही नाही. रस्त्यावर चादरीखाली झोपवलेला जमूरा समोरच्याच्या खिशातली वस्तू सांगायचा, तेव्हा उत्तर मदाऱ्याच्या प्रश्नाच्या शब्दांत दडलेलं असे. ‘बोल’, ‘लवकर बोल’ आणि ‘नीट बघून बोल’ यांचे अर्थ आधीच ठरलेले. नंदीबैल मान डोलवायचा ती दोरीच्या आणि ढोलक्याच्या इशाऱ्यावर. बर्लिनच्या ‘हुशार हान्स’ घोड्याची १९०७ साली ऑस्कर फुंग्स्टने चिकित्सा केली, तेव्हा तो घोडा विचारणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या हालचाली वाचतो असं निघालं. फरक इतकाच की हान्सच्या मालकाला आपण इशारा देतोय हे ठाऊक नव्हतं. नंदीवाल्याला पक्कं ठाऊक होतं. पोपटवाल्याचा पोपट पाकिटांच्या ओळीतून एक ओढायचा. कुठलंही ओढलं तरी चालायचं, कारण आतला मजकूर कोणालाही लागू पडेल असाच असे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने देशी पोपट पाळणं बंद केलं आणि पत्ता उचलून मन सांगणारा आपला हा रस्त्यावरचा कलावंत हळूहळू दिसेनासा झाला. पोपटासाठी ते बरंच झालं. पण या मंडळींकडे लय होती, थांबणं होतं, माणूस बघून शब्द बदलणं होतं. पुण्याच्या जादूगार रघुवीरांच्या घराण्याने तीन पिढ्या मराठी रंगमंचावर जादू टिकवली. तो भव्य देखाव्याचा वारसा. चटईवर बसून मन ओळखण्याचा वारसा मात्र कोणी उचलला नाही.

तो उचलायचा तर सामान घरातच आहे. परदेशी पुस्तकांत डॉमिनोचा एक जुना आणि सुंदर प्रयोग असतो. २८ सोंगट्यांपैकी दोन वेगळ्या आकड्यांची एक गुपचूप खिशात टाकायची. उरलेल्या सगळ्या प्रेक्षकाने आकड्याला आकडा जुळवून लावल्या की साखळीच्या दोन टोकांना खिशातल्या सोंगटीचेच आकडे येतात. गणित चोख. पण आपल्या किती घरांत डॉमिनो असतो? अनोळखी वस्तू हातात दिली की प्रेक्षक त्या वस्तूवरच संशय घेतो.

कॅरमवर तो घेत नाही. स्टुअर्ट जेम्स या कॅनेडियन जादूगाराचा पत्त्यांचा एक प्रयोग थिओडोर अ‍ॅनमनच्या ‘द जिंक्स’ या मासिकात १९३६ साली छापला गेला. तोच कॅरमवर बसवून पाहा. राणी बाजूला ठेवायची. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या. त्यांतल्या दोन काळ्या आधीच खिशात. उरलेल्या १६ सोंगट्या पिशवीत. प्रेक्षकाने न बघता दोन-दोन काढायच्या. दोन्ही पांढऱ्या निघाल्या तर एका ढिगात, दोन्ही काळ्या तर दुसऱ्या, मिश्र जोडी तिसरीकडे. पिशवी रिकामी होते आणि स्ट्रायकरखालची चिठ्ठी उघडते: ‘काळ्यांपेक्षा पांढऱ्या दोनच जास्त.’ पिशवी कितीही हलवा, उत्तर बदलत नाही. मिश्र जोडी दोन्ही रंगांतून एकेकच सोंगटी नेते, म्हणून सुरुवातीचा दोनाचा फरक शेवटपर्यंत तसाच राहतो. मग सोंगट्या गोळा करताना खिशातल्या दोन हळूच मिसळायच्या. आता पुन्हा दोनचा फरक येईल असं सगळे धरून बसतात, आणि चिठ्ठीत लिहिलेलं असतं: ‘सारख्याच.’

यात एकच अडचण, आणि ती अस्सल आपली आहे. मंडळाच्या कॅरममध्ये सोंगट्या पूर्ण असतीलच असं नाही. एखादी काळी केव्हाच कपाटाखाली गेलेली असते आणि तिच्या जागी शर्टाचं बटण खेळत असतं. मेंटलिस्टने आधी मोजून घ्यावं. लुडोच्या फाशांचंही तसंच. चांगल्या फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात येते. त्यामुळे तीन फासे एकावर एक रचले तर सगळ्यात वरचा आकडा २१ मधून वजा करून, दडलेल्या पाच बाजूंची बेरीज पाठ फिरवता फिरवता सांगता येते. जत्रेत मिळणाऱ्या डब्यातला फासा मात्र हा नियम पाळेलच असं नाही.

गणितावर उभे असलेले असे प्रयोग म्हटले की दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचं नाव घ्यावंच लागतं. जन्म १९०५ साली डहाणूचा, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातला; नोकरी देवळालीला शाळामास्तराची. मार्टिन गार्डनरने १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाला ते कळले. त्यांच्या ६१७४ या संख्येचा धर्म असा, की चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर तेच करत राहा, जास्तीत जास्त सात फेऱ्यांत ६१७४ येते. लुडोचा फासा चार वेळा टाकला, ३, ५, २, ४ पडले. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८: ६१७४.

गणित म्हणून हे थक्क करणारं आहे. मेंटलिझम म्हणून, माझ्या मते, कच्चं आहे. कागदावर वजाबाक्या सुरू झाल्या की प्रेक्षकाला शाळेचा वास येतो आणि ‘असंच असतं काहीतरी’ म्हणून तो मोकळा होतो. वापरायचंच असेल तर वजाबाकी दुसऱ्याच कामासाठी चालली आहे असं वाटायला हवं. शेवटी ६, १, ७, ४ अशी चार पानं पालथी पडलेली सापडावीत, ती खूप आधी, कोणाचं लक्ष नसताना ठेवलेली. युक्ती कापरेकरांची आयती मिळते. ती झाकणारी गोष्ट रचायला लेखक लागतो, आणि घोडं तिथेच अडतं.

नेहमीच्या पत्त्यांऐवजी सावंतवाडीच्या गंजिफ्यावर प्रयोग करावा अशी सूचना कधी कधी ऐकू येते. कल्पना मोहक आहे. गोल, लाखेची चकाकी असलेली, हाताने रंगवलेली पानं. दशावतारी डावात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, एकूण १२०. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात ही मरणपंथाला लागलेली कला सावरली. मनकवड्याच्या नजरेने पाहिलं तर हाताने रंगवलेल्या दोन पाठी कधीच हुबेहूब नसतात, म्हणजे खुणा करायचं अर्धं काम चिताऱ्याने आधीच केलेलं. पण प्रेक्षकाने ‘वराहाची सत्ती’ मनात धरायची म्हणजे तिला आधी ओळखायला हवं. बदामाची सत्ती म्हटल्यावर डोळ्यांसमोर लगेच पान येतं, ‘बदाम सात’ खेळताना ती धरून कोणाला अडवलं होतं तेही आठवतं. त्या आठवणीवर मेंटलिस्ट पाऊल ठेवतो. गंजिफ्यात ती आज उरलेली नाही. असलीच तर प्रेक्षागृहातल्या दोघा-तिघांकडे.

महाराष्ट्रात मनकवड्यापुढे एक प्रश्न वेगळाच आहे: तो कोणाच्या बाजूचा? अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव नारळातून जाळ काढून आणि रिकाम्या हातातून राख काढून दाखवत, चमत्कारामागचा हात लोकांना दाखवला. याच चळवळीतल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं आणि लोकांना फसवणं हे थेट आलं. जानेवारी २०२३ मध्ये नागपुरात अंधश्रद्धाविरोधी कार्यकर्ते श्याम मानव यांनी बागेश्वर धामच्या धीरेंद्र शास्त्रींना ३० लाखांचं आव्हान दिलं, ते अनोळखी माणसांची नावं आणि बंद खोलीतल्या वस्तू ओळखून दाखवण्याचं. हे काम मेंटलिस्ट तिकीट लावून रोज करतो. अडचण अशी की आजचे पुष्कळ मेंटलिस्ट मुद्दाम धूसर बोलतात. ‘यात थोडं विज्ञान, थोडी अंतःप्रेरणा’ असं म्हणून दरवाजा किलकिला ठेवतात, कारण धूसरपणाला बिदागी जास्त मिळते. मला हा आळशीपणा वाटतो. कॅरमची काळी सोंगटी हातात घेऊन कोणी सिद्धी मिळाल्याचा आव आणला तर चटईवरची पोरं हसतील. घरगुती सामानाचा हा मोठाच फायदा: दैवी ढोंग त्याला चिकटत नाही, आश्चर्य मात्र चिकटतं.

राहता राहिला पुन्हा करून दाखवण्याचा आग्रह. मंचावर प्रयोग संपला की पडदा पडतो; जागरणात मात्र कोणीच उठत नाही. ‘परत दाखव’ येणारच. पिशवीचा प्रयोग तिसऱ्यांदा केला तर कोणीतरी आतल्या सोंगट्या मोजेल. तेव्हा खिशात काहीही न ठेवता, सगळ्या अठरा सोंगट्या प्रेक्षकाला मिसळायला सांगून नऊ-नऊचे दोन ढीग करून घ्यायचे आणि न बघता बोलायचं: ‘तुझ्याकडे जितक्या काळ्या, तितक्याच माझ्याकडे पांढऱ्या.’ हे सोंगट्यांच्या संख्येतच असतं, कोणी कसंही तपासावं. त्यावरही चौथ्यांदा मागणी येते, आणि तोवर मध्यरात्र उलटलेली असते. चौथ्या फेरीला पुरेल इतकं रचलेलं आणि मराठीत बोललेलं साहित्य आजच्या फार थोड्या मेंटलिस्टांकडे आहे.