उडी नसलेला कप्तान

संगणकावरील एखादा खेळ समीक्षेस घ्यावा, हे वाचून कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडतील. परंतु कृती कोणत्या माध्यमात अवतरली यापेक्षा तिच्यात रचना आहे की नाही, हे पाहणे समीक्षकाचे काम होय. टेरी कॅव्हनॉ या आयरिश रचनाकाराने जानेवारी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या खेळात अशी रचना आहे. खेळाचे नाव म्हणजे इंग्रजीतील ‘व्ही’ हे अक्षर सहा वेळा. ते अक्षर काट्यासारखे दिसते आणि सहाही पात्रांच्या नावांचे ते आद्याक्षर आहे. नावातील हा श्लेष रचनाकाराच्या वृत्तीचा द्योतक आहे.

कथा बेताचीच. कप्तान व्हिरिडियनचे यान संकटात सापडते, पाच सहकारी विखुरले जातात आणि त्याने त्यांना शोधून आणावयाचे. या जातीच्या खेळांत उडी हा नायकाचा प्राण असतो. कॅव्हनॉने नेमकी तीच काढून घेतली. व्हिरिडियनला एवढेच साधते की, पाय टेकलेले असताना गुरुत्वाची दिशा उलटवावी. मग छत हीच त्याची जमीन. अधांतरी असताना मात्र त्याला विचार बदलता येत नाही; पलीकडचा आधार लागेपर्यंत पडलेच पाहिजे.

‘वर’ आणि ‘खाली’ हे शब्द सापेक्ष आहेत, हे भास्कराचार्यांनी ‘गोलाध्याया’त कधीच सांगून ठेवले. पृथ्वीच्या पलीकडील माणसे जलाशयाकाठच्या मनुष्याच्या प्रतिबिंबासारखी असून आपल्याइतकीच निर्धास्त उभी आहेत, असा त्यांचा दृष्टांत. वर्गात हे सांगितले की मुले माना डोलावतात. खेळात ते त्यांच्या बोटांना पटते.

मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे चर्चिली आहेत. त्यांचा येथे सहज उपयोग होतो. एका विभागात रेषेला स्पर्श होताच ओढ आपोआप उलटते. दुसऱ्यात पडद्याच्या एका कडेने गेलेला कप्तान समोरच्या कडेने आत येतो. तिसऱ्यात उंच मनोराच सरकत राहतो. नियम एक, त्याला दिलेले विरोध अनेक. व्हिएन्नाच्या विद्यार्थ्यांनी आरंभिलेल्या व २००९ मध्ये पूर्णत्वास आलेल्या, गॅलिलिओच्या आख्यायिकेतील उद्गारावरून नाव घेतलेल्या खेळात फाटक्या कागदांचे सारे जगच फिरवावे लागते. तो अधिक देखणा खरा. पण बंधनाची शिस्त व्हिरिडियनच्या वाट्याला अधिक आली आहे.

या शिस्तीची परिसीमा एका प्रसंगात दिसते. एक चकाकती वस्तू समोर आहे. मध्ये एक बुटका ठोकळा. शेंबडे पोरही तो ओलांडील! पण कप्तानाला उडी नाही. म्हणून काट्यांनी भरलेल्या कित्येक खोल्यांतून त्याने वर ‘पडत’ जावयाचे, माथ्याशी क्षणभर टेकून पुन्हा उलटावयाचे आणि तोच काटेरी मार्ग आक्रमून ठोकळ्याच्या पलीकडे उतरावयाचे. चुकले की पुन्हा तळापासून. ती वस्तू न घेताही खेळ पुरा होतो, हे विशेष. यात विनोद आहे, आणि त्या विनोदाच्या पोटात कारुण्यही. छंदाच्या बंधनात सापडलेला कवी एका साध्या शब्दासाठी किती फेरा घेतो, ते ज्यांनी अनुभवले आहे त्यांस हे वेगळे सांगावयास नको.

मरण येथे क्षणाचे. जवळच्या खुणेपाशी कप्तान लगेच उभा राहतो. प्राणांची मोजकी शिल्लक नाही, दंड नाही. शेवटी मात्र एकंदर मरणांची संख्या आणि सर्वांत अवघड गेलेली खोली यांची नोंद समोर येते. आमच्या प्रगतिपुस्तकांत गुणांचे रकाने असतात. मूल कोठे अडले, याचा रकाना मी तरी अद्याप पाहिलेला नाही.

दोष सांगणेही प्राप्त आहे. सोबत्याला सांभाळून नेण्याचा भाग कंटाळवाणा आहे. तेथे परीक्षा कौशल्याची होत नाही, सहनशीलतेची होते. मॅग्नस पॉल्सन यांचे संगीत उत्साही असले तरी दीर्घकाळ ऐकताना कानांस टोचते. बेनेट फॉडी यांनी खोल्यांना दिलेली नावे ही खरी वाङ्मयीन बाजू; परंतु २०१४ पासून हा खेळ दूरध्वनीवर मिळू लागला असला, तरी आमच्या मुळगावच्या मुलांना ती इंग्रजी कोटी लागत नाही, आणि ती नाव न वाचताच खोली ओलांडून जातात.