नाव जुळले, माणूस जुळला काय?

आजोबांचेच नाव नातवास ठेवण्याच्या आपल्या रीतीने कुलवृत्तांतात किती घोटाळे होतात, हे आपल्या मंडळातील अनेकांनी अनुभवले आहे. नाव जुळले की माणूस आपल्या शाखेत ओढून घ्यावासा वाटतो. स्कॉट रेनॉल्ड्स नेल्सन यांचे ‘स्टील ड्रायव्हिन मॅन’ (२००६) वाचताना आम्हांस हाच मोह वारंवार आठवला.

जॉन हेन्री हा अमेरिकेच्या लोकगीतांतील कृष्णवर्णीय रेल्वेमजूर. बोगदा खोदताना तो हातातील घणानिशी वाफेच्या यंत्राशी पैज लावतो, जिंकतो आणि तेथेच प्राण सोडतो. नेल्सन यांना व्हर्जिनियातील तुरुंगाच्या नोंदवहीत जॉन विल्यम हेन्री सापडला : वय १९, उंची ५ फूट सव्वा इंच, घरफोडीबद्दल १० वर्षांची शिक्षा (१८६६). असे कैदी रेल्वेच्या कामावर भाड्याने दिले जात. लुईस बोगद्यात घण आणि यंत्र शेजारी शेजारी चालत होते. गीतातील मृतदेह पांढऱ्या घरी नेऊन वाळूत पुरला जातो. त्या तुरुंगाच्या आवारात १९९२ मध्ये सुमारे ३०० सांगाडे निघाले. भाड्याच्या कैद्यांची, फुप्फुसांत साचणाऱ्या दगडाच्या धुळीची ती पाने विलक्षण आहेत. केवळ त्यांसाठीही ग्रंथ वाचावा. परंतु हाच कैदी बोगद्यात मेला, अशी नोंद कोठेच नाही. तुरुंगाला त्याची उंची हवी होती, गोत नको होते. आणि गोताविना माणूस निश्चित कसा करावा?

जॉन गार्स्ट यांची वाट (२०२२) आम्हांस अधिक ओळखीची वाटते. त्यांचा नायक अलाबामात पैज लावतो, आडनाव डॅब्नी. मुक्त झालेले अनेक गुलाम धन्याचेच आडनाव लावीत, आणि त्या रेल्वेचा मुख्य अभियंता मिसिसिपीतील डॅब्नी घराण्यातला कॅप्टन होता. हा खरा लागाबांधा. शिवाय ती पैज डोळ्यांनी पाहिल्याचे सांगणाऱ्या एका वृद्धाचे पत्र गाय जॉन्सन यांना १९२० च्या दशकात आले होते. त्या पत्रात डोंगर ‘क्रूझी’ आहे, साल १८८२. गार्स्ट तेथे ‘कूसा’ आणि १८८७ वाचतात. मोडी कागद लावताना एवढी सूट आपण स्वतःस घेतली असती; आम्ही ती त्यांना देतो.