घंटेच्या आत बसून ऐकायचं संगीत

माझ्या पीएचडीचा विषय सांगितला की समोरून ठरलेला प्रश्न येतो, "म्हणजे कॉम्प्युटर गाणी बनवतो, ते?" तर ते नाही. रचनाकार संगणक घेऊन संगीत घडवतो, तेव्हा त्यातले निर्णय कोण, कुठे आणि कशाच्या आधारावर घेतं, एवढंच मी शोधते आहे. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात अवघड का आहे, ते आज एकाच रचनेवरून सांगते.

ब्रिटिश रचनाकार जोनाथन हार्वे (1939–2012) यांनी 1980 साली पॅरिसच्या इर्काम या संस्थेत 'मॉर्टुओस प्लँगो, विवोस व्होको' ही सुमारे नऊ मिनिटांची रचना केली. नावाचा अर्थ, 'मृतांसाठी शोक करते, जिवंतांना हाक मारते'. हे शब्द इंग्लंडमधल्या विंचेस्टर कॅथीड्रलच्या मोठ्या घंटेवर कोरलेल्या लॅटिन मजकुरातून घेतले आहेत. अख्ख्या रचनेचा कच्चा माल दोनच गोष्टींचा: त्या घंटेचा नाद आणि हार्वेंच्या मुलाचा आवाज. तो त्याच कॅथीड्रलच्या गायकवृंदात गात होता.

आता थोडं विज्ञान. तानपुऱ्याची षड्जाची तार 130 हर्ट्झला लावली, तर तिच्यातून 260, 390, 520, 650 असे पटीतले स्वरही निघतात. 650 म्हणजे गंधार. कुणी न छेडलेला हा स्वयंभू गंधार हवेत खरोखर असतो, मोजता येतो. घंटेचं तसं नसतं. विंचेस्टरच्या घंटेचा सर्वांत खालचा स्वर साधारण 130 हर्ट्झचाच आहे, पण तिचे वरचे अंशस्वर (एका नादात दडलेले सुटे स्वर) असे सरळ पटीत बसत नाहीत. शिवाय 347 हर्ट्झच्या आसपास एक स्वर कानाला स्पष्ट ऐकू येतो, आणि विश्लेषणात मात्र त्या जागी काहीच सापडत नाही! इतर काही अंशस्वरांचं आपसातलं नातं ओळखून आपलं डोकंच तो स्वर तयार करतं.

माझ्या मते या रचनेवरच्या कुठल्याही टीकेची सुरुवात इथून व्हायला हवी. संगणकाने दिलेली यादी अचूक होती, तरी घंटा 'ऐकू' कशी येते हे त्या यादीत नव्हतं. हार्वेंनी यादीतले आठ अंशस्वर निवडले आणि रचनेचे आठ भाग त्यांच्यावर उभे केले. बाकीचे का सोडले? हे आठच का? याचं उत्तर कुठल्याही प्रोग्रॅममध्ये मिळणार नाही. तिथे कान आणि पसंती लागते.

दुसरा निर्णय मला याहून धाडसी वाटतो. खऱ्या घंटेत वरचे स्वर लवकर विरतात आणि खालचे रेंगाळतात. हार्वेंनी 'म्युझिक फाइव्ह' या प्रोग्रॅमने घंटेचे अंशस्वर एकेक करून नव्याने तयार केले आणि काही ठिकाणी हा क्रमच उलटा केला: खालचे झटकन विरतात, वरचे टिकून राहतात. जणू घंटा आतून बाहेर उलटी केली. पुढे त्या अंशस्वरांच्या जागी मुलाचा आवाज येतो. धातू कुठे संपला आणि गळा कुठे सुरू झाला, ते कळत नाही. मृतांची घंटा आणि जिवंत मूल हा नावातला भेद इथे नादातच विरघळतो. तंत्राला अर्थ येतो तो असा.

तक्रार आहे का? आहे. आठ भाग, आठ स्वर हा आराखडा कागदावर देखणा दिसतो आणि अभ्यासक त्याच्यावर खूश असतात. पण ऐकताना मला तरी तो क्रम जाणवत नाही. कान भाग मोजत बसत नाही, तो घंटा आणि आवाज यांच्यातली ओढाताण ऐकतो. आराखडा हा रचनाकाराचा पहाड, म्हणजे बांधकामाची परांची. परांचीचं वर्णन केलं म्हणजे इमारत समजली, असं होत नाही.

दुसरी अडचण आपली, ऐकणाऱ्यांची. ही रचना आठ चॅनेलची आहे. श्रोत्यांभोवतीच्या भिंती म्हणजे घंटेची बाजू, आणि मुलाचा आवाज मोकळा फिरणारा, अशी हार्वेंची कल्पना. आपण ऐकतो ते हेडफोनवर, दोन चॅनेलमध्ये. म्हणजे घंटेच्या आत बसायच्या ऐवजी खिडकीतून डोकावतो. मग आपण टीका करतो ती नक्की कशावर?

या क्षेत्रातलं मायकल क्लार्क यांचं काम मला म्हणूनच मोलाचं वाटतं. या रचनेच्या विश्लेषणासोबत त्यांनी असं सॉफ्टवेअर दिलं, की वाचक त्यातली तंत्रं स्वतः हाताळून, कानाने पडताळून पाहू शकतो. संगीतावरचा युक्तिवाद कानाने तपासता आला पाहिजे, हा आग्रह मला पटतो. माझा प्रबंधही याच कसोटीवर उतरायला हवा.

तुम्हाला एकच विनंती. रचना दोनदा ऐका, एकदा फक्त घंटेच्या मागे जा, दुसऱ्यांदा फक्त मुलाच्या. दोघांची वाट कुठे एक झाली असं वाटलं, ते खाली नक्की लिहा. सगळ्यांची जागा एकच येईल, असं मला अजिबात वाटत नाही.