भाईंची रत्नागिरी, सुनीताबाईंची रत्नागिरी

पु. ल. देशपांडे यांचे कोकणाशी असलेले नाते प्रामुख्याने सासुरवाडीचे आहे. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असूनही त्यांच्या लेखनाची चर्चा करताना ती क्वचितच ध्यानात घेतली जाते. पु. ल. जन्मले मुंबईत आणि वाढले पार्ल्यात. १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीच्या ठाकूर वकिलांच्या कन्येशी त्यांचा नोंदणी पद्धतीने विवाह झाला आणि तेथून पुढे रत्नागिरी त्यांच्या साहित्यात हक्काने येऊ लागली. 'व्यक्ती आणि वल्ली'तला अंतू बर्वा त्यांना भेटतो तो जावई या नात्याने. 'गणगोत'मधले 'आप्पा' हे त्यांचे सासरे, आणि 'दिनेश' हे त्याच घरातले लहान मूल.

जावयाची नजर ही पाहुण्याची नजर असते. सासुरवाडीत त्याला काही करावे लागत नाही. तो ओटीवर बसतो, आळीतून फेरफटका मारतो, माणसे न्याहाळतो, त्यांच्या बोलण्यातली खोच टिपतो. एखाद्या मोठ्या लेखकाला अशी मोकळीक मिळाली म्हणजे काय होते, याचे 'अंतू बर्वा' हे उत्तम उदाहरण आहे. त्या लेखातले हशे आता आपल्या इतके अंगवळणी पडले आहेत की त्यामागचे दारिद्र्य आणि एकटेपण अनेकदा कानाआड होते. मुंबईला मुलगा असूनही आपल्या माडा-फणसांखाली एकटा राहिलेला हा म्हातारा तिरकस बोलतो, कारण सरळ बोलायचे झाले तर त्याला रडावे लागेल. हे पु. लं.नी नेमके हेरले आणि ते हेरण्यासाठी बाहेरून आलेल्या माणसाचीच गरज होती, असेही मला वाटते. जन्मापासून त्या आळीत राहणाऱ्याला अंतूशेट हा केवळ कटकटीचा शेजारी वाटला असता.

परंतु त्याच रत्नागिरीचे दुसरेही एक चित्र मराठीत आहे, आणि ते त्या घरच्या लेकीने काढले आहे. सुनीता देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' हे पुस्तक मौज प्रकाशनाने १९९० मध्ये प्रसिद्ध केले. या पुस्तकाबद्दल आजवर पुष्कळ बोलले गेले. मात्र त्यातला बराचसा भाग 'पत्नीने पतीविषयी काय लिहिले' या एका प्रश्नाभोवतीच फिरत राहिला. त्यातले कोकण कोणी फारसे पाहिले नाही. आई-आप्पांचे घर, मालवण तालुक्यातले धामापूर आणि तिथले जुने विस्तीर्ण तळे, झाडे, पाणी, माती हे सारे त्या पुस्तकात सौंदर्यस्थळे म्हणून येत नाही. माणूस दमून भागून जिथे परत जाऊ पाहतो, ती जागा म्हणून ते येते. जावयाच्या कोकणात माणसे बोलतात. लेकीच्या कोकणात माणसे कामे करतात, आणि कामे उरकली की गप्प बसतात. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, आणि या दांपत्याचे सर्व लेखन या एका फरकाच्या उजेडात वाचता येते असे मांडण्याचा येथे प्रयत्न आहे.

'अपूर्वाई' (१९६०) आणि 'पूर्वरंग' (१९६३) ही दोन प्रवासवर्णने घ्या. पहिल्यात विलायतेचा, तर दुसऱ्यात आग्नेय आशियातल्या बेटांचा, किनाऱ्यांचा आणि जपानचा प्रवास आहे. मराठी प्रवासवर्णन त्यापूर्वी बरेचसे माहितीने जड झालेले होते. पु. लं.नी त्यात एक गोंधळलेला, खाण्यापिण्याचा शौकीन, भाबडा मराठी गृहस्थ आणून उभा केला आणि या वाङ्मयप्रकाराचा चेहराच पालटला. हा गृहस्थ एकटा नाही. त्याच्याबरोबर पत्नी आहे, आणि ती व्यवहारदक्ष आहे. नवरा वेंधळा आणि बायको हुशार ही विनोदातली जुनीच जोडी. 'असा मी असामी'तल्या धोंडो भिकाजी जोशी यांच्या संसारातही तीच आहे. धोतरापासून बुशशर्टपर्यंतची त्या कारकुनाची सगळी वाटचाल जणू बायकोच्या रेट्यानेच घडते. वाचक हसतो, कारण प्रत्येकाला त्यात आपले घर दिसते.

पण विनोदातल्या या जोडीत एक सोय दडलेली असते. वेंधळेपणा हा नवऱ्याचा गोड स्वभाव ठरतो आणि व्यवहारदक्षता हा बायकोचा किंचित हास्यास्पद स्वभाव ठरतो. दोन्ही गोष्टी स्वभावात जमा झाल्या की मग त्यांचा हिशेब कोणी मागत नाही. सुनीताबाईंनी नेमका तो मागितला. (आयुष्याची बत्तीस वर्षे सरकारी दप्तरात गेल्यामुळे असेल, मला त्यांच्या पुस्तकातला हा जमाखर्चाचा सूर कधी खटकला नाही. ज्याने एकदा तरी दुसऱ्याच्या सहीसाठी रात्रभर बसून टिपण तयार केले आहे, त्याला तो सूर ओळखीचाच वाटेल.) प्रकाशकांशी करार, बँक, पत्रव्यवहार, प्रवासाची आखणी, पाहुणे, औषधपाणी, आणि पुन्हा गाडी चालवणे, हे सगळे त्यांच्याकडे होते. प्रवास दोघांचा होता खरा, पण त्यातला एक जण खिडकीबाहेर पाहत होता आणि दुसऱ्याची नजर रस्त्यावर होती.

ही गोष्ट किनाऱ्याच्या सहलींपुरतीच नाही. 'बटाट्याची चाळ', 'वाऱ्यावरची वरात' हे प्रयोग साठच्या दशकात महाराष्ट्राच्या आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाचे सर्वांत लाडके करमणुकीचे साधन झाले. आजच्या भाषेत ज्याला लोकप्रिय संस्कृती म्हणतात, तिचा इतका सुसंस्कृत नमुना मराठीत दुसरा सापडणे कठीण. या प्रयोगांच्या मागे सुनीताबाईंची शिस्त होती, हे त्या काळच्या सर्वच मंडळींनी सांगितले आहे. वेळेवर पडदा वर जाणे, प्रेक्षागृहाची व्यवस्था, पैशांचा चोख हिशेब या गोष्टी त्यांच्या नजरेखाली चालत. गर्दी होत असताना प्रयोग थांबवण्याचे धैर्य या दोघांनी दाखवले आणि मिळालेल्या पैशाचा मोठा भाग पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या द्वारे समाजाला परत दिला. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये उभे राहिले, त्याच्या पायाशीही यांचेच साहाय्य होते. देणगीचे श्रेय आपण पु. लं.च्या दातृत्वाला देतो आणि हिशेबाच्या काटेकोरपणाबद्दल सुनीताबाईंना कंजूष म्हणतो. काटेकोरपणा नसता तर देण्यास काय उरले असते, हा विचार आपल्या मनात येत नाही.

आता आपल्याकडच्या वाचकांविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. बेळगावात आपण पु. लं.ना आपले मानतो आणि त्यास कारणही आहे. त्यांनी येथे राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात काही काळ अध्यापन केले. कानडी वळणाच्या मराठीला साहित्यात मानाचे पान मिळवून देणारे 'रावसाहेब' बेळगावचेच. इंदूरकरांना 'तुझे आहे तुजपाशी'तले काकाजी आपले वाटतात, तसेच आपल्याला रावसाहेब. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांत मराठी भाषा टिकली ती काही अंशी पाठ्यपुस्तकांमुळे आणि फार मोठ्या अंशी पु. लं.च्या ध्वनिफितींमुळे. मुलांना कानडी किंवा इंग्रजी शाळेत घालणाऱ्या घरांतही 'म्हैस' सर्वांना तोंडपाठ असे. अशा घरांत 'आहे मनोहर तरी' आले तेव्हा ते घरच्या देवघरात कोणी चपला घालून शिरल्यासारखे वाटले. पु. ल. हयात असताना असे लिहावे का, घरातले बाहेर का काढावे, इतक्या मोठ्या माणसाच्या सहवासाबद्दल कृतज्ञता का नाही, असे प्रश्न विचारले गेले. ते विचारणाऱ्यांत पुरुष होते तशा स्त्रियाही होत्या.

या आक्षेपांतला पहिला मला सर्वांत दुबळा वाटतो. पती हयात असताना लिहिले, म्हणून तर ते प्रामाणिक ठरते. ज्याच्याविषयी लिहिले तो वाचू शकत होता, उत्तर देऊ शकत होता. मृत्यूनंतर लिहिले असते तर याच मंडळींनी 'तेव्हा का बोलल्या नाहीत' असे विचारले असते. कृतज्ञतेचा आक्षेप तर पुस्तक पुरते न वाचल्याचे लक्षण आहे. भाईंच्या प्रतिभेविषयी, त्यांच्या गाण्याविषयी, माणसांना आनंद देण्याच्या त्यांच्या विलक्षण शक्तीविषयी सुनीताबाईंच्या मनात कुठेही किंतु नाही. त्यांचा प्रश्न वेगळा आहे. सर्वांना आनंद वाटणाऱ्या माणसाचे जवळच्या माणसाकडे लक्ष का जात नाही, हा तो प्रश्न. तो एका घरापुरता नाही. आंबोलीमार्गे मालवणला किंवा गोव्याला गेलेल्या आपल्यापैकी कितीकांच्या सहलींची वर्णने आपण दिवाणखान्यात रंगवून सांगितली असतील! डबे कोणी भरले, परत आल्यावर वाळूने भरलेले कपडे कोणी धुतले, याचा उल्लेख त्या वर्णनांत नसतो. त्यामुळे हे पुस्तक झोंबते.

याचा अर्थ पुस्तक निर्दोष आहे असा नाही. कालक्रम सोडून आठवणींच्या ओघात लिहिण्याचा मार्ग त्यांनी जाणीवपूर्वक निवडला. त्यामुळे लेखनाला मोकळा श्वास मिळाला, पण मधला काही भाग पसरटही झाला. आपली बाजू पुरेशी पोचली नाही, या शंकेने त्या एखादा मुद्दा पुन्हा मांडतात, आणि तिथे ललितलेखनाची जागा युक्तिवाद घेतो. वकिलाची मुलगी अधूनमधून डोके वर काढते. माणसांविषयीचे त्यांचे निवाडे कधी कधी फार कडक असतात. अर्थात त्या स्वतःलाही सोडत नाहीत, आणि स्वतःवर इतक्या निष्ठुरपणे खटला चालवणारी आत्मकथने मराठीत थोडीच. 'स्मृतिचित्रे'शी या पुस्तकाची तुलना अनेकदा केली जाते. लक्ष्मीबाई टिळकांनाही लहरी, प्रतिभावंत नवरा लाभला होता, आणि त्यांनी तो सगळा छळ हसत हसत सांगितला. आपल्याला लक्ष्मीबाई प्रिय आहेत, कारण त्या हसतात. सुनीताबाई हसण्यास नकार देतात. हसवण्याचे काम ज्या घरात व्यवसाय म्हणून चालत होते, त्या घरातून हा नकार यावा, यातच त्याची किंमत आहे.

गौरी देशपांडे यांच्यासारख्या चोखंदळ लेखिकेला या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर करावेसे वाटले, यावरून त्याचा आवाका कळावा. उलट २०१९ मध्ये महेश मांजरेकर यांनी 'भाई : व्यक्ती की वल्ली' हा दोन भागांचा चित्रपट काढला, तेव्हा पडद्यावर पुन्हा तीच जुनी जोडी दिसली. मैफली रंगवणारा मिस्कील नवरा आणि घड्याळाकडे पाहणारी करारी बायको! चित्रपटास हे सोयीचे असते. पण त्यामुळे नव्या पिढीला सुनीताबाई लेखिका म्हणून भेटतच नाहीत.

लेखिका म्हणून त्या कुठे सर्वांत मोकळ्या झाल्या, असे मला कोणी विचारले तर मी 'आहे मनोहर तरी'चे नाव घेणार नाही, 'सोयरे सकळ'चेही नाही. मी धारवाडकडे बोट दाखवीन. एकसंब्यात जन्मलेले आणि धारवाडला अध्यापन करणारे जी. ए. कुलकर्णी सहसा कोणाला घरात घेत नसत. सुनीताबाईंशी मात्र त्यांनी दीर्घ पत्रव्यवहार केला. जी.एं.च्या निवडक पत्रांचा पहिला खंड सुनीताबाईंना लिहिलेल्या पत्रांचाच आहे, आणि सुनीताबाईंची पत्रे 'प्रिय जी.ए.' या नावाने २००३ मध्ये आली. या पत्रांत त्यांना कोणासमोर काही सिद्ध करायचे नाही. पुस्तके, कविता, चित्रे, झाडे, घरातली किरकोळ कामे, प्रवासात दिसलेले काही, असे सर्व एकापाठोपाठ येते. बोरकर आणि मर्ढेकर ज्यांना मुखोद्गत होते, ज्यांनी पतीबरोबर त्यांच्या कवितांच्या वाचनाचे कार्यक्रम केले, त्या बाई इथे कविता सादर करीत नाहीत. तिच्याविषयी बोलतात, शंका विचारतात, मतभेद नोंदवतात. समोरचा माणूस लक्ष देऊन वाचतो आहे हे ठाऊक असले म्हणजे गद्य कसे सैल आणि तरीही नेमके होते, ते या पत्रांत पाहावे. 'आहे मनोहर तरी'त ज्या अवधानाची मागणी त्या करतात, ते त्यांना पोस्टाने, धारवाडहून मिळत होते. जी. ए. १९८७ च्या डिसेंबरात गेले. 'आहे मनोहर तरी' त्यानंतर तीन वर्षांनी प्रसिद्ध झाले.