प्रेस्टनचं पुस्तक आणि वैनगंगेतली शिंपली

पवनीजवळ वैनगंगेच्या वाळूत नखाएवढी शिंपली मिळाली, तर तिचं नाव कुठे शोधाल? इंटरनेटवर सहज मिळतो तो एच. बी. प्रेस्टन यांचा १९१५ चा खंड. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेतला, गोड्या पाण्यातल्या शंखशिंपल्यांचा. वाचा जरूर, पण त्याच्या भरवशावर नाव ठरवू नका.

प्रेस्टन लंडनमधले शंखशिंपल्यांचे व्यापारी. कवचाचा आकार, रंग, रेषा यांवर नजर बारीक. भाषा तर इतकी नेमकी, की वर्णन कसं लिहावं हे त्यांच्याकडूनच शिकावं. अडचण पुढे येते. वर्णनाखाली लांबी-रुंदी असते, पण एकाच जातीत ती किती बदलते ते कळत नाही. आता तुमच्याकडे तीस शिंपल्या आहेत. काही फुगीर, काही चपट्या, काहींचं शिखर झिजलेलं. वर्णनाशी एकेक जुळवत गेलात तर तीन ‘जाती’ सहज निघतील! वाहत्या पाण्यात आणि गाळात वाढलेल्या कवचांत फरक पडणारच ना?

म्हणून आधी झडप उघडून आत बघा. मोत्यासारखी चमक नाही, बिजागरीच्या मध्ये तीन छोटे दात, बाजूच्या लांब दातांवर बारीक करवती खाचा: ही कॉर्बिक्युला. आत चमक असेल तर ते पॅरेसियाचं किंवा लॅमेलिडेन्सचं पिल्लू असू शकतं. पॅरेसियाच्या शिखराजवळ नागमोडी उंचवटे दिसतात, मोठेपणी ते झिजतात. इथे नवशिके हमखास फसतात.

प्रेस्टननंतर तीनच वर्षांनी बैनी प्रशाद यांनी ‘इंडोनाया’ ही प्रजाती वेगळी केली. त्यांनी आतला मऊ जीवही तपासला होता. पिल्लं कोणत्या कल्ल्यांत वाढतात हे पाहिलं. रिकाम्या कवचातून ते कधीच कळलं नसतं.

एन. व्ही. सुब्बा राव यांचं १९८९ चं हँडबुक टेबलावर ठेवा. त्यात जुनी नावं एकत्र आणलेली आहेत, ओळखायच्या किल्ल्याही आहेत.

हा नुसता नावांचा घोळ नाही बरं का. गोसीखुर्दच्या धरणाने पवनी तालुक्यात वाहती नदी अडवली. उद्या कुणी विचारेल, काय काय गेलं? यादीत एकीच्या तीन जाती झाल्या असतील, तर न गेलेल्या दोन ‘गेलेल्या’ दिसतील. शिवाय रिकामं कवच पुरात कुठूनही वाहून येतं. लेबलवर ‘जिवंत’ की ‘रिकामं’ हे लिहाच, आणि ढिवर बांधवांच्या जाळ्यात जिवंत शिंपली आली तर एखादी मागून अल्कोहोलमध्ये ठेवा.