एका बाणाचे चित्र

यूपीआय समजावताना फळ्यावर एका बँकेतून दुसरीकडे एकच बाण काढतात. आम्हाला हे चित्र फसवे वाटते. सिरसाळ्यातल्या दुकानात आपण १० रुपये देतो, तेव्हा दोन बँकांच्या स्वतंत्र खातेवह्यांत नोंदी व्हाव्या लागतात. एनपीसीआयचे मधले केंद्र आधी आपल्या बँकेला रक्कम वजा करायला सांगते, मग दुकानदाराच्या बँकेला जमा करायला. दुसरी पायरी फसली, तर पहिली नोंद खोडत नाहीत; उलटी नोंद करतात. (गार्सिया-मोलिना व सेलेम यांनी १९८७ मध्ये अशा युक्तीला ‘सागा’ म्हटले.) पण जमा झाल्याचे उत्तरच आले नाही तर? घाईने उलटी नोंद केली, तर रक्कम दोघांकडेही दिसेल! म्हणून काही वेळ ‘प्रलंबित’ असा शेरा दिसतो. एका बाणात त्याला जागाच नाही.