दुष्फेन पाण्याचा अर्धा धडा

शाळेत दुष्फेन पाण्याचा धडा बहुधा एकाच ठरावीक वाटेने शिकवला जातो. साबणाला फेस येत नाही, ते दुष्फेन. बायकार्बोनेट असतील तर उकळा, सल्फेट-क्लोराइड असतील तर धुण्याचा सोडा किंवा आयन-विनिमय. फळ्यावर एक समीकरण, आणि घंटा होते. जळगाव-धुळ्याच्या विद्यार्थ्याला एवढे पुरत नाही, असे आमचे मत आहे. बोअरच्या पाण्याने पांढरी पडलेली गिझरची कॉइल त्याने घरी पाहिलेली असते. कुणाच्या गच्चीवर सॉफ्टनरही बसवलेला असतो आणि तो 'बिघडला' की समीकरण कुणाला आठवत नाही. आठवून उपयोगही नाही, कारण त्यात बाण एकाच दिशेला काढलेला असतो.

सॉफ्टनरची निगा उलट्या बाणात आहे. रेझिनचे मणी कॅल्शियम धरतात, सोडियम सोडतात. मणी भरले की त्यांवरून मिठाचे सुमारे 10 टक्क्यांचे द्रावण सावकाश सोडायचे. रेझिनला ओढ कॅल्शियमची अधिक. पण सोडियमची गर्दीच इतकी होते की कॅल्शियमला जागा सोडावी लागते. रासायनिक समतोल शिकवायला आणखी काय हवे?

हे मीठ केव्हा द्यायचे? विक्रेते सहसा 'पंधरा दिवसांनी' म्हणून सांगतात. ते पटण्याजोगे नाही. 1 लिटर रेझिन ढोबळमानाने 50 ग्रॅम काठिण्य (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) धरते. रेझिन 10 लिटर आणि पाण्याचे काठिण्य लिटरला 500 मिलिग्रॅम असेल, तर हजार लिटरनंतर मणी थकणार. घरात रोज 500 लिटर पाणी लागत असेल तर हे दोनच दिवसांचे काम झाले! तिसऱ्या दिवसापासून पंधराव्यापर्यंत ते कुटुंब बोअरचेच पाणी वापरते. हे गणित नववीच्या वर्गात सहज होईल.

टीडीएस मीटरने सॉफ्टनर तपासण्याची रीतही चुकीची. 20 मिलिग्रॅम कॅल्शियम गेले की 23 मिलिग्रॅम सोडियम येते. आकडा उतरणार कसा? त्यापेक्षा बाटलीत साबणाचे थेंब घालून हलवणे हीच खरी चाचणी. पिण्याचा नळ मात्र सॉफ्टनरच्या आधीच काढावा. वरच्या उदाहरणात लिटरला 230 मिलिग्रॅम सोडियम वाढते, आणि रक्तदाबाच्या रुग्णाला ते नको.

सफाईत अवघड काही नाही. खड्याच्या मिठातली माती टाकीच्या तळाशी साचते, ती धुवावी. मिठाचे कवच धरले असेल तर काठीने फोडावे. फरशीचे अॅसिड मात्र ओतू नये. मण्यांवर हायड्रोजन बसतो आणि नळाला आम्लधर्मी पाणी येते. पाण्यात लोह असेल तर मणी तांबूस होतात. ते नुसत्या मिठाने सुटत नाही.

आणखी एक उणीव खटकते. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत रॉबर्ट गान्स यांनी पाणी सुफेन करण्यासाठी कृत्रिम झिओलाइट वापरात आणले. नैसर्गिक झिओलाइटांसाठी तर जळगावच्या खाणी जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. इथल्या बेसाल्टच्या पोकळ्यांतला स्टिलबाइट वर्गात फिरवता येतो, तरी आपण 'झिओलाइट' हा शब्द नुसता पाठ करून घेतो.

आणि मीठ दिल्यानंतरचे निचऱ्याचे पाणी? परसातल्या केळीच्या आळ्यात ते मुळीच सोडू नये. केळीला क्षार सोसत नाहीत. शिवाय काळ्या मातीच्या कणांवरही आयन-विनिमयच चालतो: तिथे सोडियम बसत गेला की माती पाणी मुरू देत नाही. शेतकरी अशा जमिनीला चोपण म्हणतात.